कमी जन्मवजन, सिझेरियन आणि पुढचे आरोग्य: संशोधन नेमके काय सांगते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पहिल्या गरोदरपणात आठव्या महिन्यात रक्तदाब वाढला, लघवीतून प्रथिने जाऊ लागली, ३६व्या आठवड्यात सिझेरियन करावे लागले आणि मुलगी २,१०० ग्रॅम वजनाची जन्मली. ती आता दीड वर्षाची असून तिची वाढ ठीक चालली आहे. मात्र कमी वजनाच्या बाळांना मोठेपणी मधुमेह आणि हृदयविकार होतो, सिझेरियनमुळे आणि गरोदरपणात घेतलेल्या पॅरासिटामॉलमुळे मुलांत स्वमग्नता येते, असे संशोधनाच्या हवाल्याने वाचल्यापासून आईची झोप उडाली आहे. या संशोधनावर किती विश्वास ठेवावा, आपल्या हातून काही चुकले का आणि आता काय करावे, असे तिने विचारले आहे.

मी नवजात बालकांवर उपचार करतो आणि मुलांचा जन्मापासून मोठेपणापर्यंत मागोवा घेणाऱ्या अभ्यासांतही काम करतो, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी परिचित आहे. उत्तराचा गाभा आधीच सांगतो. तुम्ही वाचलेल्या तीन गोष्टींचे वजन सारखे नाही. जन्मवजन आणि पुढचे आजार यांचा संबंध खरा आहे, पण तो लहान आहे आणि वजन हे त्यामागचे कारण नसून एक खूण आहे. सिझेरियन व पॅरासिटामॉल यांच्याबद्दलचे दावे योग्य तुलना केल्यावर फारसे टिकत नाहीत. आणि तुमच्या प्रसूतीच्या कागदांतली सर्वांत भक्कम पुराव्याची बातमी मुलीच्या आरोग्याविषयी नसून तुमच्या स्वतःच्या आरोग्याविषयी आहे, जी बहुधा तुम्हाला कोणी सांगितलेली नाही.

या विषयाची सुरुवात कशी झाली हे कळले, की त्याच्या मर्यादाही आपोआप कळतात. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड या आरोग्य अधिकारी होत्या. त्यांनी घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे १९११ पासून तिथल्या प्रत्येक बाळाची नोंद मोठ्या खातेवह्यांत होऊ लागली. एका ओळीत एक बाळ: जन्माच्या वेळचे वजन पौंडांत, अंगावरचे दूध पितो की बाटलीचे, लस टोचली का, दात किती आले, आणि वर्षाचा झाल्यावरचे वजन. या वह्या पुढे कित्येक दशके पडून होत्या. इंग्लंडमधल्याच साउदॅम्प्टनचे संशोधक डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शोधून काढल्या आणि १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचे पुढे काय झाले याचा माग काढला. पुरुषच का, तर स्त्रियांची आडनावे लग्नानंतर बदलल्यामुळे त्यांना मृत्यूच्या नोंदींत शोधणे अवघड होते. स्त्रियांचा अभ्यास मागाहून झाला.

१९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले, की वर्षाच्या वयाला ज्यांचे वजन १८ पौंड, म्हणजे सुमारे ८.२ किलो किंवा त्याहून कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू राष्ट्रीय सरासरीच्या १११ टक्के होते, तर २७ पौंड, म्हणजे सुमारे १२.२ किलो किंवा त्याहून जास्त वजन असलेल्यांत ते अवघे ४२ टक्के होते. हृदयविकार हा मध्यमवयातल्या सवयींचा परिणाम, असे मानण्याच्या त्या काळात ही आकडेवारी धक्कादायक होती. पुढे मधुमेहाबाबतही असाच कल दिसला, आणि १९९२ मध्ये हेल्स व बार्कर यांनी असे गृहीतक मांडले, की गर्भाला पोषण अपुरे पडले तर तो मेंदूला झुकते माप देतो आणि स्वादुपिंड, स्नायू यांच्या वाढीत काटकसर करतो. पुढे अन्न मुबलक मिळाले की हीच काटकसर अंगाशी येते.

आता या निष्कर्षाकडे संशोधक कसे पाहतो ते सांगतो. पहिला प्रश्न असतो: कोणाची तुलना कोणाशी होते आहे? १९११ ते १९३० च्या इंग्लंडमध्ये हलके मूल बहुतेकदा गरीब घरातले असणार. त्याच्या घरात दाटी जास्त, आजारपण जास्त, पुढे तंबाखू आणि कष्टाची कामेही जास्त. मग मोठेपणीचा हृदयविकार गर्भातल्या उपासमारीमुळे की त्यानंतरच्या पन्नास वर्षांच्या गरिबीमुळे? बार्कर यांच्या टीकाकारांनी हाच मुद्दा लावून धरला, आणि तो रास्त होता. नंतरच्या अभ्यासांत आर्थिक स्थितीचा हिशेब धरूनही संबंध पूर्ण पुसला गेला नाही. मात्र तो आक्रसला.

किती आक्रसला, हे रक्तदाबाच्या उदाहरणावरून कळते. जन्मवजन एका किलोने जास्त असेल तर पुढे वरचा रक्तदाब किती कमी असतो, याचे उत्तर छोट्या अभ्यासांत दोन मिलिमीटरच्या आसपास येत होते. २००२ मध्ये सगळे अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा तीन हजारांहून अधिक माणसांच्या अभ्यासांत हाच आकडा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास निघाला. लहान अभ्यासांपैकी ज्यांत मोठा फरक दिसला तेच प्रसिद्ध झाले आणि बाकीचे कपाटात राहिले, असाच त्याचा अर्थ लावावा लागतो. शिवाय अनेक अभ्यासांत आताच्या वजनाचा हिशेब धरून गणित केले जात असे. त्यामुळे दिसणारा परिणाम जन्मवजनाचा की नंतर वाढलेल्या वजनाचा, हेच धूसर व्हायचे.

मधुमेहाचा संबंध त्यामानाने पक्का आहे. ३१ लोकसमूहांची आकडेवारी एकत्र करून २००८ मध्ये जो निष्कर्ष निघाला, त्यानुसार जन्मवजन एक किलोने जास्त असेल तर टाइप २ मधुमेहाची शक्यता साधारण पाव भागाने कमी असते. हे उलट फिरवून साध्या भाषेत सांगायचे, तर ज्या गटात शंभरांपैकी दहा जणांना मधुमेह होतो, त्यांच्याहून सबंध किलोभर हलक्या जन्मलेल्यांच्या गटात तो साधारण तेरा जणांना होईल. उरलेल्या सत्त्याऐंशी जणांना होणार नाही. ‘धोका वाढतो’ हे वाक्य खरे आहे, पण तुम्ही ते वाचताना मनात जे चित्र उभे केले असेल ते या आकड्यांशी जुळते का, हे पाहा. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असणे किंवा पोटाचा घेर वाढणे यांचा परिणाम याहून मोठा असतो.

वजन ही खूण आहे, कारण नव्हे, असे मी वर म्हटले. त्याचा सर्वांत चांगला पुरावा एका दुर्दैवी प्रसंगातून मिळाला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मनांच्या ताब्यातल्या पश्चिम नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला. माणशी दररोजचे अधिकृत शिधावाटप चारशे ते आठशे कॅलरींवर आले. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला आणि अन्न पुन्हा मिळू लागले. म्हणजे उपासमारीला सुरुवात आणि शेवट दोन्ही ठळक होते, गरीब-श्रीमंत दोघेही त्यात सापडले होते, आणि जन्मनोंदी शाबूत होत्या. कोणते बाळ गर्भातल्या कोणत्या महिन्यात उपाशी राहिले हे त्यामुळे ठरवता येते. अशी संधी संशोधकाला कधी मिळू नये, पण मिळाली आहे तर तिचा उपयोग करून घेणे भाग आहे.

गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत ज्यांच्या आया उपाशी होत्या ती बाळे सुमारे ३०० ग्रॅमने हलकी जन्मली, आणि पन्नाशीत त्यांच्या रक्तातली साखर इतरांपेक्षा अधिक दिसली. इथवर सगळे अपेक्षेप्रमाणे होते. अनपेक्षित गोष्ट पुढे आहे. ज्यांच्यावर उपासमारीचा प्रसंग पहिल्या तिमाहीतच आला आणि नंतर आईला पुरेसे खायला मिळाले, ती बाळे सर्वसाधारण वजनाची जन्मली. तरीही मोठेपणी हृदयविकाराचे प्रमाण याच गटात अधिक निघाले. साठ वर्षांनंतर त्यांच्या रक्तपेशी तपासल्यावर वाढीशी संबंधित एका जनुकावरच्या रासायनिक खुणाही त्यांच्या भावंडांपेक्षा वेगळ्या आढळल्या. हा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. वजनकाट्याला काहीच कळले नव्हते, पण शरीरात बदल झाला होता. म्हणून एखाद्या बाळाच्या २,१०० किंवा ३,२०० ग्रॅम या आकड्यावरून त्याचे भविष्य वाचू पाहणे चुकीचे आहे. तोच आकडा अनेक वेगवेगळ्या वाटांनी येतो, आणि त्या प्रत्येक वाटेचा पुढचा परिणाम वेगळा असतो.

शिवाय दुष्काळांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. १९४१ ते १९४४ या लेनिनग्राडच्या वेढ्यात गर्भावस्था काढलेल्यांची तपासणी झाली तेव्हा त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. एक स्पष्टीकरण असे दिले जाते, की तिथे जन्मानंतरही अन्नाची टंचाई दीर्घकाळ राहिली, त्यामुळे गर्भात केलेली काटकसर आणि बाहेरची परिस्थिती यांच्यात नेदरलँड्ससारखी तफावत पडली नाही. हे पटण्याजोगे आहे. पण इतक्या कठीण काळातून जी बाळे जगली ती मुळातच चिवट असावीत, ही दुसरी शक्यताही तितकीच पटण्याजोगी आहे, आणि या दोन्हींतून निवड करण्याइतका पुरावा त्या अभ्यासातून मिळत नाही.

तुमच्या मुलीच्या बाबतीत कोणती वाट आहे? ती सुमारे महिनाभर आधी जन्मली, हा वजनाचा एक हिस्सा. दुसरा हिस्सा वारेचा, म्हणजे आईकडून गर्भाला पोषण पोहोचवणाऱ्या अवयवाचा. तुम्हाला झालेल्या आजाराला प्रीएक्लाम्प्सिया म्हणतात. त्याची मुळे बहुधा गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात असतात. गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या वारेला पुरेसे रक्त पोहोचावे म्हणून एरवी रुंद होतात, तशा त्या होत नाहीत. बाळाला पुरवठा तोकडा पडतो आणि शेवटच्या महिन्यांत आईचा रक्तदाब वाढतो. आठव्या महिन्यात दिसलेल्या गोष्टीची बैठक पाचव्या महिन्याच्या आतच बसलेली असते, आणि ती ना खाण्यापिण्याने बसते, ना कामाच्या दगदगीने. तुमच्या हातून काही चुकले का, या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. प्रसूती लवकर करणे हाच त्या स्थितीवरचा उपाय होता.

आनुवंशिकतेचा धागाही इथे सांगायला हवा, कारण बातम्यांत तो हमखास गळतो. इन्शुलिन हे गर्भाच्या वाढीचेही संप्रेरक आहे. एक्सेटर इथले अँड्र्यू हॅटर्सली आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले, की ग्लुकोकायनेज या जनुकातला दोष बाळाला मिळाला असेल तर ते सुमारे अर्ध्या किलोने हलके जन्मते, कारण त्याच्या शरीरात इन्शुलिन कमी स्रवते. तोच दोष केवळ आईत असेल तर आईची साखर वाढलेली राहून बाळ उलट जास्त वजनाचे होते. म्हणजे काही बाळांत हलके जन्मणे आणि पुढचा मधुमेह ही एकाच जनुकाची दोन रूपे असतात. तिथे आईच्या आहाराला ना श्रेय, ना दोष. हा विशिष्ट दोष विरळा असला, तरी सर्वसामान्य लोकांत जन्मवजन आणि मधुमेह यांच्यातल्या संबंधाचा काही भाग अशाच समाईक जनुकांमुळे आहे, हे नंतरच्या मोठ्या जनुकीय अभ्यासांतून दिसले आहे.

अशा गुंत्यातून बाहेर पडण्याची एक सुंदर युक्ती संशोधकांकडे आहे. ती म्हणजे एकाच आईच्या दोन मुलांची तुलना करणे. सख्ख्या भावंडांचे घर एक, आई एक, आर्थिक स्थिती बरीचशी एक, आणि जनुकांचा मोठा भाग सामाईक. दोघांच्या गरोदरपणात फरक फक्त तपासायच्या गोष्टीचा उरतो, निदान तसा तो उरावा अशी अपेक्षा असते. काही संबंध या कसोटीला उतरतात आणि काही उतरत नाहीत.

उतरलेल्याचे उदाहरण ॲरिझोनातल्या पिमा या आदिवासी समाजातले आहे. त्यांच्यात टाइप २ मधुमेहाचे प्रमाण फार मोठे आहे. आईला मधुमेह होण्यापूर्वी जन्मलेली भावंडे आणि झाल्यानंतर जन्मलेली भावंडे यांची तुलना २००० साली प्रसिद्ध झाली. मधुमेह झाल्यानंतर जन्मलेल्यांत मधुमेहाची शक्यता सुमारे पावणेचार पट निघाली. वडिलांच्या मधुमेहाच्या आधी आणि नंतर जन्मलेल्या भावंडांत असा फरक दिसला नाही. हा दुसरा भाग फार मोलाचा आहे, कारण जनुके तर दोघांकडूनही येतात; फरक फक्त आईच्या बाबतीत पडत असेल, तर गर्भातल्या वाढलेल्या साखरेचा स्वतःचा काही परिणाम आहे असे म्हणता येते. अभ्यासातली कुटुंबे मोजकी होती, त्यामुळे पावणेचार या आकड्याला मी चिकटून बसणार नाही. पण दिशा मला पटते.

न उतरलेल्यांची उदाहरणे म्हणजे नेमक्या तुम्ही विचारलेल्या दोन गोष्टी. स्वीडनमध्ये सुमारे २७ लाख जन्मांच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ठरवून केलेल्या सिझेरियनने जन्मलेल्या मुलांत स्वमग्नतेचे निदान सुमारे एक पंचमांशाने अधिक होते. मात्र एक मूल सिझेरियनने आणि दुसरे नैसर्गिक प्रसूतीने झालेल्या भावंडांची तुलना करताच हा फरक नाहीसा झाला. पॅरासिटामॉलचेही तेच. स्वीडनमध्येच १९९५ ते २०१९ या काळात जन्मलेल्या सुमारे २४ लाख ८० हजार मुलांच्या अभ्यासात, आईने गरोदरपणात हे औषध घेतले असल्यास स्वमग्नतेची शक्यता पाच टक्क्यांनी अधिक दिसली, आणि भावंडांच्या तुलनेत ती उरली नाही. हा अभ्यास २०२४ चा आहे. ज्या स्त्रीला ताप, अर्धशिशी किंवा जुनाट अंगदुखी असते तीच हे औषध घेते. त्या त्रासामागची कारणे, त्यांतली काही आनुवंशिक, दोन्ही भावंडांच्या वाट्याला येतात. एका बाळाच्या वेळी गोळी घेतली आणि दुसऱ्याच्या वेळी घेतली नाही, तरी निदानाच्या प्रमाणात फरक पडत नसेल, तर दोष गोळीवर ढकलणे अवघड होते.

भावंडांची तुलनाही निर्दोष नसते, हे सांगायला हवे. दुसऱ्या बाळंतपणात आईचे वय वाढलेले असते, पहिल्या अनुभवामुळे उपचार बदललेले असतात, आणि औषध घेतल्याची नोंद अर्धवट असेल तर खरा छोटा परिणामही झाकला जाऊ शकतो. म्हणून या अभ्यासांनी परिणाम शून्य असल्याचे सिद्ध केले, असे मी म्हणणार नाही. परिणाम असलाच तर तो इतका लहान आहे की एखाद्या आईने त्यासाठी मागे वळून स्वतःला बोल लावावा असा नाही, एवढे मात्र निश्चित म्हणेन. गरोदरपणातला तीव्र ताप तसाच अंगावर काढणे हे स्वतः धोक्याचे असते, ही बाजू त्या बातम्यांत येत नाही.

चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडणे हा तुलनेचा सर्वांत भक्कम मार्ग, पण या विषयात तो क्वचितच उपलब्ध असतो. सिझेरियन किंवा उपासमार चिठ्ठी टाकून वाटता येत नाही. जिथे असे प्रयोग झाले तिथे निरीक्षणांतून निघालेले काही निष्कर्ष टिकले आणि काही ढासळले. बेलारूसमध्ये १९९६-९७ साली ३१ रुग्णालयांतल्या १७,०४६ मायलेकरांवर स्तनपानाला प्रोत्साहन देण्याचा प्रयोग झाला. प्रोत्साहन मिळालेल्या गटात पहिल्या वर्षी जुलाबाचे आजार कमी झाले, पण साडेसहा वर्षांच्या वयाला लठ्ठपणा आणि रक्तदाब यांत फरक दिसला नाही, जरी निरीक्षणांवर आधारलेले अभ्यास तसा फरक असल्याचे सांगत आले होते. मुंबईच्या वस्त्यांत गर्भधारणेच्या आधीपासून पालेभाज्या, फळे आणि दूध यांचा रोजचा खाऊ देण्याचा जो प्रयोग झाला, त्यात सर्व बाळांचे सरासरी वजन फक्त २६ ग्रॅमने वाढले आणि हा फरक योगायोगाचाही असू शकत होता. गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने खाऊ घेतलेल्यांत मात्र तो ४८ ग्रॅम होता, आणि गरोदरपणातल्या मधुमेहाचे प्रमाण जवळजवळ चार-दशांशाने घटले. बाळाचे वजन फारसे हलले नाही, पण आईच्या आजारात मोठा फरक पडला. माझ्या मते या प्रयोगातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट हीच, आणि नेमकी तीच मागे पडते.

दर वेळी लाखोंच्या नोंदी लागतात असेही नाही. १९७१ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांना तरुण मुलींत योनिमार्गाचा एक अतिदुर्मिळ कर्करोग आढळला. मुली होत्या फक्त आठ. त्यांपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणात डायइथाइलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम संप्रेरक घेतले होते, आणि तुलनेसाठी घेतलेल्या बत्तीस मुलींच्या आयांपैकी एकीनेही नाही. परिणाम इतका ढळढळीत असेल तर आठ रुग्णही पुरतात. पाच टक्के वाढीसारख्या बारीक फरकाच्या वेळी मात्र पंचवीस लाख मुले घेऊनही वाद मिटत नाही. बातमी वाचताना माणसे किती होती यापेक्षा फरक किती होता आणि तुलना कोणाशी होती, हे आधी पाहावे.

नोंदींच्या दर्जाबद्दलही एक गोष्ट सांगतो, कारण ती बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. प्रसूतिगृहाची जुनी नोंदवही उघडून सगळी वजने आलेखावर मांडली, की २,५००, ३,००० या आकड्यांवर उंच मनोरे दिसतात आणि मध्ये दऱ्या. बाळे अशी गोळाबेरीज करून जन्मत नाहीत. काट्यावरचा आकडा लिहिणारी व्यक्ती तो सोयीच्या जवळच्या आकड्यावर नेऊन ठेवते. कमी वजनाची व्याख्याच २,५०० ग्रॅमच्या आतले बाळ अशी असल्याने सीमेवरच्या बाळांचे वर्गीकरण या सवयीमुळे सरळ चुकते. गरोदरपणाच्या आठवड्यांचेही असेच आहे. ते शेवटच्या पाळीच्या तारखेवरून मोजले असतील तर पंधरवड्याची चूक सहज होते. पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून मोजले तर ती काही दिवसांवर येते. ३६ आठवड्यांचे २,१०० ग्रॅमचे बाळ आणि ३४ आठवड्यांचे २,१०० ग्रॅमचे बाळ या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत: दुसरे आपल्या दिवसांच्या मानाने योग्य वजनाचे असते, पहिले थोडे कमी भरते.

मुलीच्या पुढच्या वाटचालीविषयी सर्वांत उपयोगी माहिती पुणे आणि दिल्ली इथल्या अभ्यासांतून मिळते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून जो अभ्यास सुरू केला, त्यात तिथली बाळे सरासरी २.७ किलोची होती, तर साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. बाळाच्या खांद्याच्या हाडाखालची त्वचा चिमट्यात धरून तिची जाडी मोजली तेव्हा असे दिसले, की पुण्याच्या बाळांत स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने बरीच टिकून होती. बाळ दिसायला बारीक, पण शरीराची घडण चरबीकडे झुकलेली. दिल्लीत जन्मापासून मागोवा घेतलेल्या १,४९२ तरुणांच्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांच्यात पुढे मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था दिसली ते दोन वर्षांच्या वयाला बारीक होते आणि त्यानंतर मोठे होईपर्यंत त्यांचे उंचीच्या तुलनेतले वजन सतत वाढत गेले होते. यातले बहुतेक जण लहानपणी लठ्ठ नव्हतेच. ते फक्त आपल्या आधीच्या ठेवणीपेक्षा भराभर जाड होत गेले.

यावरून तुमच्या मुलीसाठी निघणारा सल्ला साधा आहे. तिचे वय वाढीच्या तक्त्यावर मांडताना दोन वर्षांपर्यंत जन्मतारखेवरून येणाऱ्या वयातून लवकर जन्मल्याचे चार आठवडे वजा करा, नाहीतर ती उगाच मागे दिसेल. पहिल्या दोन वर्षांत उंची आणि वजन दोन्ही वाढणे स्वागतार्ह आहे. दोन वर्षांनंतर मात्र ती बारीक दिसते म्हणून घासामागून घास भरवू नका. एरवी मुले पहिल्या वर्षानंतर हळूहळू सडपातळ होतात आणि साधारण पाच-सहा वर्षांच्या सुमारास पुन्हा भरू लागतात. हे भरणे फार लवकर सुरू होत असेल, तर लक्ष द्यावे. उंचीच्या मानाने वजन तक्त्यावरच्या रेषा ओलांडून वर चढत चालले आहे का, एवढेच वर्षातून दोनदा पाहिले तरी पुरते. आत्ता तिच्या कोणत्याही रक्ततपासणीची गरज नाही. तीन वर्षांनंतर नेहमीच्या तपासणीत वर्षातून एकदा रक्तदाब मोजून घ्यावा, आणि मोजताना पट्टा लहान मुलांच्या मापाचा आहे ना, याची खात्री करावी. मोठ्यांचा पट्टा वापरला की आकडा चुकीचा येतो.

आता तुमच्याविषयी. प्रीएक्लाम्प्सिया झालेल्या सुमारे दोन लाख स्त्रियांचा समावेश असलेले अभ्यास एकत्र करून २००७ मध्ये जे चित्र समोर आले, त्यात या स्त्रियांना पुढे उच्च रक्तदाब होण्याची शक्यता इतरांच्या पावणेचार पट, हृदयविकाराची दुपटीहून किंचित जास्त आणि पक्षाघाताची दुपटीच्या थोडी आत होती, आणि प्रसूती ३७ आठवड्यांच्या आत झालेल्यांत धोका आणखी अधिक होता. मुलीच्या जन्मवजनाचा जो परिणाम आपण वर पाहिला त्याच्याशी हे आकडे ताडून पाहा. गरोदरपण हे स्त्रीच्या हृदय व रक्तवाहिन्यांसाठी ट्रेडमिल चाचणीसारखे असते. जी कमजोरी एरवी पन्नाशीत कळली असती ती तेव्हाच दिसून जाते. प्रीएक्लाम्प्सिया स्वतः रक्तवाहिन्यांना इजा करतो की आधीचा कल फक्त उघड करतो, यावर अजून एकमत नाही, आणि बहुधा दोन्ही थोडे थोडे खरे असावे. काळजी घेण्याच्या दृष्टीने त्याने काही फरक पडत नाही. तुमच्या वयात हृदयविकाराची मूळ शक्यता फार लहान असते, त्यामुळे तिची दुप्पट झाली तरी ती लहानच राहते. हे लक्षात घ्या आणि तरीही तपासणी टाळू नका.

बाळंतपणानंतर तुमचा रक्तदाब पुन्हा मोजला गेला आहे का? बहुतेक स्त्रियांचा सहा आठवड्यांच्या भेटीत मोजला जातो आणि मग सगळे लक्ष बाळाकडे जाते. तुम्ही तो या महिन्यात मोजून घ्या आणि पुढे दरवर्षी मोजा. सोबत रक्तातली साखर आणि चरबी एकदा तपासा आणि पुढच्या तपासण्यांचे अंतर तुमच्या डॉक्टरांबरोबर ठरवा. पुढे कधीही हृदयाची किंवा रक्तदाबाची तक्रार घेऊन नव्या डॉक्टरांकडे गेलात तर ‘गरोदरपणात प्रीएक्लाम्प्सिया झाला होता’ हे आपणहून सांगा, कारण ते विचारलेच जाईल याची खात्री नसते.

दुसऱ्या बाळाचा विचार असेल, तर गर्भधारणेपूर्वीच प्रसूतितज्ज्ञांना भेटा. ज्यांना धोका अधिक आहे अशा स्त्रियांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन ११ ते १४व्या आठवड्यापासून ३६व्या आठवड्यापर्यंत दिल्यास मुदतपूर्व प्रसूती करावी लागणाऱ्या प्रीएक्लाम्प्सियाचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर येते, हे २०१७ मध्ये चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगातून दिसले आहे. हे औषध स्वतःच्या मनाने सुरू करू नका. मात्र उशीर झाला की त्याचा उपयोग राहत नाही, म्हणून पहिल्या गरोदरपणातले रुग्णालयातून सोडतानाचे कागद, त्यावरचे रक्तदाबाचे आकडे आणि लघवीतल्या प्रथिनांचा अहवाल पहिल्याच भेटीत बरोबर न्या. ते हाताशी नसतील तर रुग्णालयाकडून त्यांची प्रत आताच मागून घ्या.